दर सहा महिन्यांनी झोलेड्रॉनिक इंजेक्शन: सातारा-सांगलीकडे परवडेल असं कसं मिळवायचं?

कोरेगावची_लेक
नमस्कार. आईसाठी विचारते आहे. वय ६१, वजन ५२ किलो. डाव्या स्तनाचा कर्करोग, दुसरी स्टेज, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं महात्मा फुले योजनेतून झालं. पाळी पन्नाशीच्या आसपास आपोआप गेली होती. आता रोज लेट्रोझोल २.५ मिलीग्रॅम चालू आहे. त्याबरोबर डॉक्टरांनी हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलीग्रॅम, दर सहा महिन्यांनी एक, अशी तीन वर्षं लिहून दिली आहेत.

योजनेत हे बसणार नाही, असं काउंटरवर सांगितलं. दुकानागणिक किंमत इतकी वेगळी सांगतात की विश्वास कुणावर ठेवायचा कळत नाही. एकाने तर डेनोसुमॅब हे हाडांचंच दुसरं इंजेक्शन घ्या म्हणून सुचवलं, सलाईन लावावं लागत नाही म्हणे, पण ते बरंच महाग आहे. आईची हाडं आज तरी दुखत नाहीत. मग कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागणार नाही का? आणि घ्यायचंच ठरलं तर कोरेगावातल्या डॉक्टरांकडे लावून घेतलं तर चालेल का? जाणकारांनी कृपया नीट सांगावं.

मेडऑन्को_सांगली
ताई, कॅल्शियमचं आधी घेतो, कारण खर्च करायचा की नाही हे त्यावरच ठरतं. नुसत्या कॅल्शियमवर भागणार नाही. आईंच्या बाबतीत या इंजेक्शनची दोन कामं आहेत. लेट्रोझोल शरीरातलं इस्ट्रोजेन जवळजवळ संपवतं, त्यामुळे हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर राहत नाही. ती झीज रोखणं हे पहिलं काम. दुसरं काम जास्त मोलाचं आहे. ऑपरेशनच्या वेळी न दिसणाऱ्या काही कर्करोगपेशी हाडाच्या मज्जेत दडून राहू शकतात आणि हाड झिजताना बाहेर पडणारे घटक त्यांना पोसतात. झीज थांबली की त्यांचं पोषण आटतं.

हे नुसतं अनुमान नाही. २०१५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात झोलेड्रॉनिकच्या गटातल्या (बिसफॉस्फोनेट) औषधांच्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात १८,७६६ स्त्रिया होत्या. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांत हाडात रोग परतण्याचं प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ६.६ वर आलं आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १८.० वरून १४.७ टक्क्यांवर. म्हणजे शंभरात सुमारे तीन जीव वाचले, आणि तेही जुन्या, जेनेरिक झालेल्या औषधांनी. पाळी चालू असलेल्या स्त्रियांत हा फायदा दिसला नाही.

म्हणून इथे वाचणाऱ्या बाकीच्यांनी एक नीट पाहा. आपल्याकडे तिशी-पस्तिशीत गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायका खूप आहेत. पिशवी काढली म्हणजे पाळी दिसत नाही, पण अंडाशय ठेवले असतील तर ते काम करत असू शकतात. केमोमुळे थांबलेली पाळीही परत येऊ शकते. अशा वेळी रक्तातली एफएसएच आणि इस्ट्रॅडिओल ही हार्मोन तपासूनच ठरवावं, नाहीतर पैसे जातात आणि फायदा होत नाही. लेट्रोझोलचा निर्णयही त्यावरच अवलंबून असतो. कमी वयाच्या स्त्रीला गोसेरेलिन किंवा ल्युप्रोलाइड देऊन अंडाशय बंद केले असतील तर मात्र तिला पाळी गेलेल्यांतच धरतात.

डेनोसुमॅबबद्दल. ६० मिलीग्रॅम दर सहा महिन्यांनी दिल्यास लेट्रोझोलसारख्या गोळ्यांवर असलेल्यांचे फ्रॅक्चर कमी होतात, ते ऑस्ट्रियातल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. पण रोग हाडात परतू नये म्हणून त्याची जी स्वतंत्र मोठी चाचणी झाली, तिच्यात तसा फायदा निघाला नाही. शिवाय ते मध्येच थांबवलं की झीज उसळी घेते आणि मणके एकामागून एक दबू शकतात. पुढचा डोस सात महिन्यांच्या पलीकडे गेला तरी हा धोका सुरू होतो. ज्या घरात पुढच्या डोसाचे पैसे वेळेवर उभे राहतील याची खात्री नाही, तिथे डेनोसुमॅब सुरू करणं मला योग्य वाटत नाही. झोलेड्रॉनिक हाडात वर्षानुवर्षं टिकून राहतं, तिथे उशीर निभावतो.

डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) हातात पैसे असतील तर जरूर करा, पुढच्या तुलनेला उपयोगी पडतो. पण पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील तर ते इंजेक्शनला लावा. आईंचं इंजेक्शन डेक्साच्या आकड्यावर अवलंबून नाही. सुरुवात साधारणपणे केमो संपल्यापासून दोन महिन्यांत करायची असते. रेडिएशनमुळे थोडं पुढे गेलं असेल तर तेवढ्यावरून सोडून देऊ नका.

मिरजकर_फार्मा
किमतीचं कोडं असं आहे. हे औषध पुष्कळ कंपन्या बनवतात. व्हायलवर छापलेली किंमत आणि दुकानदाराला पडणारी किंमत यांत कित्येक पटींचं अंतर असतं. एक दुकान छापील भावाने देतं, दुसरं निम्म्याने, तिसरं त्याहून कमी, आणि तिघांचंही औषध अस्सल असू शकतं. त्यामुळे "किती टक्के कमी कराल?" असं विचारू नका, टक्केवारी फसवी असते. "झोलेड्रॉनिक ४ मिलीग्रॅमची एक व्हायल, बिलासह, हातात किती रुपयांना पडेल?" असं विचारा. निदान तीन ठिकाणी विचारा: रुग्णालयातलं दुकान, जनऔषधी केंद्र आणि कर्करोगाची औषधं ठेवणारा स्टॉकिस्ट. मिरज, सांगली आणि कराडला कर्करोगाचे उपचार चालतात, त्यामुळे असे स्टॉकिस्ट याच पट्ट्यात सापडतात. जनऔषधीसाठी आधी 'जनऔषधि सुगम' अ‍ॅपमध्ये औषधाचं नाव टाकून यादी आणि भाव बघून घ्या. तालुक्याच्या केंद्रात असली इंजेक्शनं शेल्फवर पडून नसतात, मागणी नोंदवून चार-आठ दिवस आधी सांगावं लागतं. लेट्रोझोल आणि कॅल्शियम-डी३ सुद्धा तिथेच विचारा. लेट्रोझोल निदान पाच वर्षं रोज घ्यायचं असतं, तिथे वाचणारा पैसा इंजेक्शनापेक्षा जास्त भरेल.

चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर डॉक्टरांना मूळ नाव लिहून मागा: इंजेक्शन झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ४ मिलीग्रॅम. रुग्णालयाच्याच दुकानातून औषध घेण्याची सक्ती कुणी करू शकत नाही. तसा फलक दर्शनी भागात लावा, अशी सूचना महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये दिली आहे. बाहेरून आणलेल्या औषधाला रुग्णालय बॅच नंबरचं बिल मागेल, ते रास्त आहे. बिलाशिवाय घेऊ नका, कितीही स्वस्त असो. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तोही बिलात उतरलाय का बघा.

आता खरी चूक कुठे होते ते सांगतो. बाजारात हे औषध चार रूपांत येतं. ४ मिलीग्रॅमची पावडर, सोबत विरघळवायचं पाणी. ४ मिलीग्रॅम ५ मिलीमध्ये, पातळ, पण सलाईनमध्ये मिसळूनच द्यायचं. ४ मिलीग्रॅम १०० मिलीच्या तयार बाटलीत. आणि ५ मिलीग्रॅम १०० मिलीच्या तयार बाटलीत. ही शेवटची हाडांच्या ठिसूळपणासाठी, वर्षातून एकदा द्यायची. हाडांच्या डॉक्टरांची ती रोजची ओळखीची असल्यामुळे "झोलेड्रॉनिक द्या" म्हटलं की कित्येक दुकानांत तीच पुढे येते. आईंना ती नको. वर्षाला एक ५ मिलीग्रॅम म्हणजे सहा महिन्यांच्या ४ मिलीग्रॅमची बरोबरी नव्हे, आणि मूत्रपिंड थोडं कमजोर असेल तर जादा डोस अंगाशी येतो. काउंटर सोडण्याआधी लेबलावरचा आकडा वाचा.

झोलेड्रॉनिकला बर्फ लागत नाही, साध्या तापमानाला राहतं, फक्त तापलेल्या गाडीत ठेवू नका. डेनोसुमॅबला मात्र २ ते ८ अंश लागतात आणि ते गोठूनही चालत नाही. चैत्र-वैशाखात मिरजेहून जत किंवा आटपाडीपर्यंत एसटीने ते नीट नेणं कठीण, हेही हिशेबात धरा.

सिस्टर_डेकेअर
इंजेक्शन कोरेगावात लावता येईल. अट इतकीच की शिरेतून सलाईन लावणारे, तासभर पेशंट नजरेखाली ठेवणारे डॉक्टर हवेत आणि कर्करोगतज्ज्ञांची सही असलेली चिठ्ठी हवी. चिठ्ठीत डोस, किती मिली सलाईनमध्ये, किती वेळात आणि आधीच्या तपासण्या हे चारही लिहून घ्या. गावात हे औषध रोज कुणी देत नाही, अंदाजाने काम होऊ नये.

आधीच्या तपासण्या: क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी), कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन). यांतलं काही वगळायचं नाही, आणि क्रिएटिनिन प्रत्येक डोसाआधी नव्याने. ड जीवनसत्त्वाची तपासणी महाग पडते. परवडत नसेल तर डॉक्टरांना विचारून ६०,००० युनिटचं सॅशे आठवड्याला एक असे आठ आठवडे आधी पूर्ण करतात. आठवड्याला एकच. ते रोज घेतलं गेलं की कॅल्शियम भलतंच वाढतं, त्यामुळे घरात कॅलेंडरवर खूण करा. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असताना झोलेड्रॉनिक दिलं तर रक्तातलं कॅल्शियम आणखी घसरतं: ओठांभोवती मुंग्या, हातापायात गोळे, जास्तच झालं तर झटके. इंजेक्शन सुरू झाल्यावरही रोज ५०० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ४०० युनिट डी३ चालू ठेवतात. गोळीवर १२५० मिलीग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट लिहिलं असेल तर त्यात कॅल्शियम ५०० च असतं. ती जेवणाबरोबर घ्यावी.

क्रिएटिनिनचा नुसता आकडा बघून "नॉर्मल आहे" म्हणू नका. बारीक चणीच्या, वयस्कर बाईचा १.१ हा आकडा रिपोर्टात नॉर्मलच्या जवळ दिसतो, पण मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. हिशेब असा: १४० मधून वय वजा करा, त्याला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा, आणि बाई असेल तर ०.८५ ने गुणा. उत्तर ६० च्या वर आलं तर पूर्ण ४ मिलीग्रॅम. ५० ते ६० मध्ये ३.५, ४० ते ४९ मध्ये ३.३, ३० ते ३९ मध्ये ३. तीसच्या खाली हे औषध द्यायचं नाही. ५ मिलीच्या पातळ व्हायलमधून ३.५ साठी ४.४ मिली, ३.३ साठी ४.१ मिली आणि ३ साठी ३.८ मिली घ्यायचं. १०० मिलीची तयार बाटली असेल तर तिच्यातून अनुक्रमे १२, १८ किंवा २५ मिली काढून टाकून तितकंच नॉर्मल सलाईन भरायचं.

मिसळायचं १०० मिली नॉर्मल सलाईन किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये. रिंगर लॅक्टेट चालत नाही, त्यात कॅल्शियम असतं. गावात हाताशी बहुतेक आरएलचीच बाटली असते, म्हणून मुद्दाम सांगते. वेळ कमीत कमी १५ मिनिटं. मूत्रपिंडाची भीती असेल तर अर्धा तास लावला तर उत्तम. घाईने सोडलं की मूत्रपिंडाला इजा होते. सिरिंजने थेट शिरेत किंवा कमरेत कधीही नाही. सुई ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या, म्हणजे आईंच्या उजव्या हाताला. येताना उपाशी येऊ नये, आधी दोन पेले पाणी पिऊन यावं.

यात सगळ्यांत जास्त घोळ वेदनाशामकांमुळे होतो. लेट्रोझोलने सांधे धरतात, आणि मग दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून महिनोन्‌महिने खाल्लं जातं. त्यात मूत्रपिंड आधीच थकलेलं, वर उन्हाळ्यात पाणी कमी, आणि त्यावर झोलेड्रॉनिक. सांधेदुखी डॉक्टरांना सांगा, त्यावर दुसरे उपाय आहेत. अनोळखी काढे आणि भस्मंही तेवढ्यापुरती बाजूला ठेवा.

पहिल्या डोसानंतर एक-तीन दिवसांत ताप, अंग मोडून येणं, हाडं ठणकणं हे बऱ्याच जणींना होतं. पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० पुरतं, अँटिबायोटिक लागत नाही. पुढच्या डोसांना हा त्रास कमी होत जातो, तेव्हा पहिल्या तापाला घाबरून पुढचे पाच डोस सोडू नका. पण ज्यांची केमो अजून चालू आहे त्यांनी ताप आला की हे औषधामुळेच असेल असं समजून घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं. डोळा लाल होऊन दुखू लागला तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर.

दातांची_डॉक्टर
सिस्टरांनी दातांचं माझ्यासाठी सोडलं असावं. पहिल्या इंजेक्शनाआधी दात दाखवून घ्या, ही औपचारिकता नाही. या औषधाने हाडाची झीज थांबते तशी दुरुस्तीही मंदावते. इंजेक्शनं चालू असताना दाढ काढली तर कधीकधी खड्डा भरत नाही, जबडा उघडा पडतो आणि तिथलं हाड मरू लागतं. सहा महिन्यांच्या डोसात हे क्वचित होतं, महिन्या-महिन्याच्या डोसात जास्त. झाल्यावर बरं करणं फार त्रासाचं आहे, टाळणं सोपं.

जे दात काढावे लागणार ते आधी काढायचे आणि हिरडी पूर्ण भरून आल्यावर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, इंजेक्शन. सफाई, फिलिंग, रूट कॅनाल नंतरही करता येतं. कवळी असेल तर ती कुठे घासते का तेही दाखवा, कवळीच्या जखमेतूनही हे सुरू होतं.

आपल्या भागात मिश्रीचा विषय टाळून चालणार नाही. साठीच्या वरच्या कित्येक बायका सकाळ-दुपार मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी "तंबाखू?" विचारलं तर नाही म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी तंबाखूत मोडत नाही. मिश्रीने हिरड्या मागे सरतात, दात हलतात, आणि काळपट थराखाली काय चाललंय दिसत नाही. तुम्हीच स्पष्ट विचारा आणि बंद करायला मदत करा. तपासणी कमी खर्चात हवी असेल तर कराडला कृष्णा विद्यापीठाचं आणि सांगलीला भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय आहे. जाताना "झोलेड्रॉनिक सुरू होणार आहे" ही चिठ्ठी न्या, म्हणजे पुढची तारीख लांबची मिळणार नाही.

समाजसेवा_कराड
काउंटरवर "बसत नाही" म्हणाले त्यावर थांबू नका, पण ते असं का म्हणतात तेही समजून घ्या. महात्मा फुले योजना ठरावीक पॅकेजवर चालते. ऑपरेशन, केमो, रेडिएशन यांची पॅकेजं संपली, रुग्ण गोळ्यांवर घरी गेली, की सहा महिन्यांनी लागणारं एकटं इंजेक्शन दोन पॅकेजांच्या फटीत पडतं. म्हणून तोंडी विचारू नका. कर्करोगतज्ज्ञांकडून एक पानी उपचार-योजना लिहून घ्या: निदान, स्टेज, औषध, डोस, एकूण सहा डोस, कारण. ती घेऊन आरोग्यमित्राला (रुग्णालयातला योजनेचा मदतनीस) मेडिकल ऑन्कॉलॉजीच्या यादीत हाडांच्या औषधाचा कोड शोधायला सांगा. सापडला तर इंजेक्शनाच्या आधी पूर्वमंजुरी. आधी विकत घेऊन नंतर बिल दाखवलं तर पैसे परत मिळत नाहीत, ही योजना कॅशलेसच आहे. नकार मिळाला तर १५५३८८ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या. १ जुलै २०२४ पासून संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे आणि सगळ्या रंगांच्या रेशनकार्डांना आहे, त्यामुळे "तुमची रक्कम संपली" हे कारण आलं तर शिल्लक किती ते छापून मागा.

इथे अडलं तरी वाट बंद होत नाही. झोलेड्रॉनिक ४ मिलीग्रॅम राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही २०१७ पासून आहे. म्हणून शासकीय रुग्णालयात, मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने लेखी अर्ज द्या, उपचार-योजनेची प्रत जोडा आणि औषध साठ्यात नसेल तर स्थानिक खरेदीतून मिळावं असं लिहा. पोच घ्या. अर्ज डोसाच्या महिना-दीड महिना आधी हवा.

तिसरं, धर्मादाय रुग्णालयं. ज्या ट्रस्टच्या रुग्णालयांना धर्मादाय रुग्णालयांची योजना लागू आहे त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा आणि डे-केअर नोंद करून इंजेक्शन द्यायला सांगा. दाखल्याला वेळ लागतो, आजच अर्ज करा.

तपासण्यांसाठी खासगी लॅबमध्ये पैसे घालवू नका. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत, क्रिएटिनिन-कॅल्शियम तिथे होऊ शकतं. रिपोर्ट यायला दिवस लागतात, म्हणून आठवडाभर आधी रक्त द्या. मुंबईला तपासणीला जात असाल तर रेल्वेचा कर्करोग सवलतीचा फॉर्म रुग्णालयातून भरून घ्या, स्लीपरचं रुग्णाचं भाडं पूर्ण माफ होतं. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहेच.

जतचा_वाचक
धागा वाचतोय. माझ्या बहिणीला स्तनाचा कर्करोग मणक्यात आणि खुब्यात पसरला आहे. तिला डेनोसुमॅब १२० मिलीग्रॅम दर चार आठवड्यांनी लिहिलंय. तीन डोस झाले, पुढचं झेपत नाही. तिच्यासाठीही झोलेड्रॉनिक चालेल का, सहा महिन्यांनी?

मेडऑन्को_सांगली
दादा, सहा महिन्यांनी नाही. ते वेळापत्रक रोग हाडात न गेलेल्यांसाठी आहे. हाडात रोग असेल तर झोलेड्रॉनिक दर तीन-चार आठवड्यांनी किंवा दर बारा आठवड्यांनी देतात. २०१७ साली अमेरिकेतली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १,८२२ रुग्णांची. दोन वर्षांत फ्रॅक्चर, मणक्यावर दाब, हाडासाठी रेडिएशन किंवा ऑपरेशन असं काही झालेले रुग्ण दर चार आठवड्यांच्या गटात २९.५ टक्के, दर बारा आठवड्यांच्या गटात २८.६ टक्के. म्हणजे वर्षाला तेरा इंजेक्शनांऐवजी चार-पाच, आणि तीही स्वस्त औषधाची. बरेच डॉक्टर पहिले काही डोस महिन्याने देऊन मग अंतर वाढवतात. हाडाच्या घटना टाळण्यात डेनोसुमॅब थोडं सरस आहे हे खरं, पण अर्धवट सोडलेल्या डेनोसुमॅबपेक्षा नियमित झोलेड्रॉनिक कितीतरी चांगलं.

फक्त ते नुसतं थांबवू नका. पुढच्या डेनोसुमॅबच्या तारखेलाच त्याऐवजी झोलेड्रॉनिक सुरू करता येईल का, हे तिच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा. क्रिएटिनिनचा वरचा हिशेब तिलाही लागू. डेनोसुमॅबला तो लागत नव्हता, त्यामुळे कदाचित झालेलाच नसेल. एक पाय अचानक लुळा पडला, लघवी अडली किंवा पाठीत नवी जोराची कळ आली तर इंजेक्शनाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय, तो मणक्यावरचा दाब असू शकतो.

कोरेगावची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या फाईलमधले आकडे मिळाले: क्रिएटिनिन १.१, कॅल्शियम ८.६, अल्ब्युमिन ३.२. कॅल्शियमपुढे लॅबने कमी अशी खूण केली आहे. वरची एक दाढ हलते, आणि मिश्री आहे. जनऔषधीवाले मागणी नोंदवून घेतो म्हणाले. आता आधी काय करू? आणि पुढचा डोस पंधरा दिवस-महिना मागेपुढे झाला तर?

सिस्टर_डेकेअर
ताई, हिशेब करून बघू. १४० वजा ६१ म्हणजे ७९. गुणिले ५२, ४,१०८. भागिले ७९.२, सुमारे ५१.९. गुणिले ०.८५, ४४. म्हणजे आईंना पूर्ण ४ नाही, ३.३ मिलीग्रॅम बसतात, ५ मिलीच्या व्हायलमधून ४.१ मिली. उरलेलं टाकून द्यायचं, पुढच्या वेळेला ठेवायचं नाही. पण हे आकडे जुने आहेत. आधी वेदनाशामक चालू असेल तर बंद करा, पाणी वाढवा आणि क्रिएटिनिन पुन्हा करा. सुधारलं तर डोसही बदलेल. शेवटचा आकडा कर्करोगतज्ज्ञांनीच चिठ्ठीवर लिहावा.

कॅल्शियमची खूण अल्ब्युमिन कमी असल्यामुळे आली आहे. ४ मधून ३.२ वजा केले की ०.८ उरतात, त्याला ०.८ ने गुणलं की ०.६४. ते ८.६ मध्ये मिळवा, ९.२ होतं. ठीक आहे. नव्या रिपोर्टावरही असंच करून बघा. अल्ब्युमिन कमी असण्याचं एक कारण पोटात प्रथिनं कमी जाणं हे असू शकतं, अंडं, डाळ, दूध यांकडे लक्ष द्या.

या आठवड्यात दाढ दाखवा. दाढ भरून येण्याचे आठवडे वाया जात नाहीत, त्याच काळात डी३ चे आठवड्याचे सॅशे सुरू होतात, उत्पन्नाचा दाखला आणि जनऔषधीची मागणीही उरकते. व्हायल मात्र डोसाची तारीख पक्की झाल्यावरच उचला, आणि ५ मिलीची पातळ मागा, तुमच्या कमी डोसाला तीच सोयीची.

झोलेड्रॉनिक पंधरा दिवस-महिना पुढे गेलं तर बिघडत नाही, डोस दुप्पट करायचा नाही आणि फार अलीकडेही ओढायचं नाही. फाईलच्या पहिल्या पानावर प्रत्येक डोसाची तारीख, त्या दिवशीचं क्रिएटिनिन, दिलेले मिलीग्रॅम आणि बॅच नंबर लिहीत जा. रुग्णालय बदललं तरी पुढचा माणूस तेवढ्या चार रकान्यांवर काम करू शकतो.